पानाखालचा तांबेरा

पान उलटं करून रोग सांगावा तर बब्रुवान तात्यांनीच, असं ईट गावात म्हणायचे. सगळ्यात जास्त वेळा हे खुद्द तात्याच म्हणायचे. कृषी सहायक बांधावर आला की त्याला बोलूच द्यायचे नाहीत.

सून अर्पिता आंबोलीकडची. तिच्या माहेरची विहीर रिसॉर्टवाल्यानं बुजवली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं विहिरीच्या ओल्या दगडावरचा बोटाएवढा नेचा काढून आणला. फूल नाही, वास नाही, नुसती कातरलेली हिरवी पानं. काचेच्या बरणीत विटेचा तुकडा आणि त्यावर तो. बोअरच्या क्षारानं पानं करपायला लागली, तेव्हा ती प्यायच्या जारचं पाणी घालू लागली. माणसं बोअरचं पितेत आन गवत फिल्टरचं, असं तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ती हसून घ्यायची. सुनेला दुसरं काय असतं?

त्याचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. कॉलेजातल्या एका बाईंना फोटो पाठवला, तर त्या म्हणाल्या, पानाखाली ठिपके धरले की कळवा, त्याशिवाय नाव सांगता येणार नाही. अर्पिता रोज पान उलटून बघायची.

ठिपके धरले तेव्हा ती बार्शीला दवाखान्यात गेली होती. बघितले ते तात्यांनी. पानाच्या पाठीवर तपकिरी पुळ्यांच्या ओळी. त्यांनी शेजारच्या सोमलिंगला हाक मारून दाखवलं, तांबेरा हाय. कोकणातला रोग घरात पोसलाय, उद्या सगळ्या शिवारातलं सोयाबीन बसंल. मग रोगट पानाचं करतात तेच केलं. एकूण एक पान खुडून जाळलं आणि फवारणीच्या पंपात उरलेलं औषध बरणीत ओतलं. सोमलिंग म्हणाला, तुमची नजर म्हंजे नजर.

संध्याकाळी अर्पिता आली. नुसती वीट उरलेल्या बरणीकडं बघत उभी राहिली. तांबेरा होता म्हणून जाळला, तात्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही.

"तात्या, तो रोग नव्हता. नेच्याला फूल येत नाही. ते ठिपके म्हणजेच त्याचं बी."

तात्यांच्या कानशिलात बसल्यागत झालं. उभा जन्म बियाण्यावर काढला, घरात चूल थांबली पण पेरणीच्या बियाण्याला कधी हात लावला नाही. आणि आज सुनेचं बी स्वतःच्या हातानं जाळलं, तेही शेजाऱ्याला बोलावून.

"राख कुठं टाकली?"

राख उकिरड्यावर. ती निघाली तसे तेही मागं गेले, गुडघे टेकले आणि शेणाराखेत हात घातला. एखादं अर्धवट जळालेलं पान, एवढंच हवं होतं. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा सोमलिंग थांबला.

"काय हरवलं, तात्या?"

खरं सांगायला काय लागत होतं? तात्यांनी आधी रस्त्यावर आणखी कोण आहे ते बघितलं.

"चावी," ते म्हणाले. "मोटारीच्या खोलीची."

अर्पितानं मान वर केली नाही. सोमलिंग भला माणूस. धोतर सावरून तोही शोधायला बसला, दोन्ही हातांनी राख उकरू लागला, आणि त्याला ऊठ म्हणायला तात्यांचं तोंड उघडेना.