काकूंच्या मागे येतो तो

प्रीता, तू फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस. आणि ती तळलेल्या चीज कर्ड्सची प्लेट जरा बाजूला ठेव, माझं सांगून झाल्यावर खावीशी वाटली तर खा.

तर सरलाकाकू काउंटी फेअरच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, लिलावाच्या रिंगपाशी उभ्या आहेत. ऑगस्टचं ऊन, वर पत्रा, खाली लाकडाचा भुसा, आणि त्या भुशात डुकरांनी, मेंढ्यांनी, सगळ्यांनी सकाळपासून जे काय करायचं ते करून ठेवलेलं. बाजूच्या स्टॉलवर तळणीचं तेल उकळतंय, फेअर सुरू झाल्या दिवशी ओतलेलंच असणार ते, काळं झालेलं. त्या तेलाचा, शेणाचा आणि घामाचा मिळून असा एक वास, की काकूंनी ओढणी नाकाला धरलीय. पुढच्या बाकावर एक आजोबा तंबाखू चघळतायत आणि कोकच्या बाटलीत थुंकतायत. बाटली अर्धी भरलीय यार! आणि बोलता बोलता ते ती हलवतायत.

काकूंच्या हातात काय, तर परडी. बेसनाचे लाडू, चकल्या, वर चकचकीत कागद, त्यावर रिबन. तिथली पद्धतच आहे तशी. मुलांनी वाढवलेलं जनावर लिलावात जो घेतो, त्याला त्या मुलाच्या घरच्यांनी थँक-यू बास्केट द्यायची. बाकीच्या आया कुकीज नि जॅम देतात. काकूंनी रात्री जागून बेसन भाजलं. म्हणाल्या, "बटाट्याला जो घरी नेणार, त्याच्याकडे आपलंही काहीतरी गोड जाऊ दे."

बटाटा म्हणजे बोकड. सांगते, थांब.

काकूंना तू बघितलंयस. गणपतीत प्रसादाच्या टेबलामागे उभ्या असतात ना, ज्यांचं नाव कोणाला आठवत नाही, त्या. मूळच्या मिरजेच्या. ईडन प्रेरीत एका डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कला बसतात, आलेल्या प्रत्येकाला हसून "इन्शुरन्सचं कार्ड आहे का" विचारतात, संपलं. अंडंसुद्धा खात नाहीत, बर्थडेला केकसुद्धा चौकशी करून उचलतात. कोविडनंतर अतुलकाकांना शेतीची हौस आली. त्यांचं काम घरूनच, म्हणून तासभर लांब पाच एकर घेऊन तिकडेच राहायला गेले. मग पिकअप घेतला. मग हिरवी टोपी घेतली, आणि ती टोपी घातली की काका चालायचेसुद्धा वेगळं, पाय फाकवून. त्यांची इला तेरा वर्षांची. तिथल्या मुलांचा जनावरं वाढवायचा क्लब असतो, फोर-एच, त्यात तिला घातलं आणि एप्रिलमध्ये बोकडाचं पिल्लू आणलं. इलाने नाव ठेवलं बटाटा.

आता बोकड इलाचा, पण सकाळी इलाची बस आणि काकांची मीटिंग. मग कोण? काकूच. क्लिनिकला जायच्या आधी त्याला खायला घालायचं, पाणी बदलायचं, रिंगमध्ये नीट चालावा म्हणून कुंपणाच्या कडेने फिरवायचं. दोरबिर काही नाही. काकू पुढे, हा मागे, त्यांच्या कुर्त्याच्या खिशात नाक खुपसून.

आणि हे लक्षात घे, त्यांनी विचारलं होतं! भोळ्या नाहीत त्या. बोकड कशाला वाढवतात हे मिरजेच्या बाईला कळत नाही होय? एप्रिलमध्येच विचारलं, "अतुल, लिलाव म्हणजे... कापत नाहीत ना रे?"

"छे गं! शो असतो हा. डॉग शोसारखा. नंतर शेतीवाले नेतात पाळायला."

झालं. काकूंनी विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवतो तसा.

तर त्या दिवशी माइकवरचा माणूस ओरडला, "बटेडा!" इला पांढऱ्या शर्टात बटाट्याला घेऊन रिंगमध्ये गोल फिरली, घेणाऱ्यांच्या डोळ्यात बघून हसायचं असतं तशी हसली, आणि डेल नावाच्या एका ट्रॅक्टर डीलरने त्याला घेतलं. फोटो झाला. काकू पुढे गेल्या, परडी दिली, थँक यू म्हणाल्या. डेलने तिथेच कागद फाडून लाडू तोंडात टाकला. खूष झाला. माणूस वाईट नव्हता गं, तेच तर!

"व्वा," तो म्हणाला, "तुम्ही लोक करी भारी करता म्हणे. एक काम करतो, कापून आला की अर्धा तुमच्याकडे पाठवतो."

काकू दिवसभर फोनवर इंग्रजीच बोलतात. त्यांना एकूण एक शब्द कळला. त्यांनी वळून अतुलकाकांकडे बघितलं, वाटलं आता हे काहीतरी बोलतील. काकांच्या हातात काडीला लावलेला पोर्क चॉप. हो, पोर्क! बाहेर चालतं त्यांना. चरबीचा ओघळ मनगटापर्यंत आलेला, तो त्यांनी चाटला, आणि मग हसले. खदखदून. "शुअर, डेल! बिअर तू आण!"

डेल गेल्यावर काकूंनी विचारलं, "अतुल, काय म्हणाला तो?"

"अगं, गंमत करतो तो."

"मला इंग्रजी येतं."

"हळू बोल ना, सगळे बघतायत. मांसासाठीचा मार्केट क्लास असाच असतो गं. संध्याकाळी ट्रक येतो, सगळी जातात."

"पाळायला नेतात म्हणाला होतास."

"तुला खरं सांगितलं असतं तर करू दिलं असतंस? पोरीला चार मित्र मिळाले इथे. मला लोक नावाने हाक मारायला लागलेत. आपण नवीन आहोत इथे, सरला."

हे बोलताना त्यांच्या ओठावर ती चरबी चमकत होती. काकू मला म्हणाल्या, "खाणारे खातात गं, मला कोणाच्या ताटाशी भांडायचं नाही. पण त्याची शिसारी आली मला. त्या हसण्याची. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले, त्याचा हात आता खांद्याला लागला तर आंघोळ करावी लागेल असं वाटलं."

मग त्या धावल्या इलाकडे. "इला, तुला माहीत होतं?"

"आय न्यू, मॉम. एव्हरीबडी नोज. बाबा म्हणाला, आईला एंडला सांगू."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"तू रडली असतीस." इला खालीच बघत होती. "त्याला गुड लाइफ द्यायचं, अँड देन... तसंच असतं ते. प्लीज, सीन नको करूस."

काकूंनी तिथल्या कमिटीच्या बाईला गाठलं. मीच विकत घेते म्हणाल्या. बाई गोड बोलली, अगदी हनी-बिनी म्हणाली, पण नाही. मार्केट क्लासमध्ये आलेलं जनावर ट्रकमध्ये बसूनच बाहेर जातं. सगळ्यांना सारखा नियम.

संध्याकाळी काय झालं ऐक. मुलांनी आपापल्या जनावराच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारायचा असतो, कुठलं कोणत्या ट्रकमध्ये ते कळायला. मुलांनी स्वतः! इलाने बटाट्याला निळा पट्टा मारला. आजूबाजूला पोरं डुकरांच्या गळ्यात पडून हुंदके देतायत, आणि त्यांच्या आया काय करतायत? फोटो काढतायत! दर वर्षीचा रडका फोटो असतो म्हणे, फेसबुकवर टाकायला. एक बाई तर मुलाला म्हणाली, मान जरा इकडे कर, डुकराचं तोंड दिसत नाहीये. शी!

आणि बटाटा ट्रकच्या रॅम्पपाशी जो अडला, तो अडलाच. चारी पाय रोवून. इलाने ओढलं. मग ट्रकवरचा टोपीवाला एक माणूस आला, त्याने शिंगं धरली, दुसऱ्याने मागून शेपटी पिरगाळली. बोकड ओरडला. प्रीता, बोकड ओरडतो ना, ते लहान पोर ओरडल्यासारखं असतं. मागे लाइन खोळंबलेली, कोणीतरी हसलं. माणूस म्हणाला, पाय बांधून आत टाकू. तेव्हा इला, जिने सबंध दिवस एक टिपूस गाळलं नव्हतं, ती त्या सगळ्या गर्दीत मराठीत ओरडली, "आई! आई, तू ये ना! तो तुझ्याच मागे येतो!"

कळलं ना तुला? नाही गेल्या तर ते त्याला पाय बांधून फेकणार, इलाच्या डोळ्यांदेखत. गेल्या तर त्याला तिथे पोचवणाऱ्या त्या स्वतः.

"जा ना सरला," अतुलकाका मागून म्हणाले. "पटकन. लाइन थांबलीय."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रॅम्पपाशी गेल्या, टोपीवाल्याला हाताने बाजूला केलं, बटाट्याच्या गळ्यातला दोर काढून टाकला. "चल रे," म्हणाल्या, आणि पाठ वळवून वर चालायला लागल्या. तो गेला की मागे. टकटक टकटक, शहाण्यासारखा, खिशात नाक घालत. आत पेंढ्यावर उभा केला त्याला आणि पुढच्या छोट्या दारातून एकट्या बाहेर आल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! "गुड जॉब, मॉम!" कोणीतरी शिट्टी मारली. काकू ओढणीत तोंड दाबून उभ्या राहिल्या.

पण इथे संपत नाही. पुढचा बोकडही चढेना. दातांना तार लावलेली एक बारकी मुलगी त्याचा दोर दोन्ही हातांनी धरून उभी होती, नाक वाहत होतं तिचं. टोपीवाल्याने तिच्या हातातून दोर घेतला आणि काकूंपुढे धरला. अगदी अदबीने. "मॅम, उरलेल्यांनाही तुम्हीच नेता का? तुमच्यामागे येतील बघा. आम्हाला ओढाओढ करावी लागणार नाही."

मागे लांबच लांब लाइन. अतुलकाका एव्हाना पिकअपमध्ये जाऊन एसी लावून बसले होते, हॉर्न वाजवत होते.

काकूंनी दोर घेतला. मग त्या मुलीसमोर खाली बसल्या, तिचं नाक आपल्या ओढणीने पुसलं, आणि विचारलं, "व्हॉट्स हिज नेम?"

"वॉफल."

"वॉफल," काकू म्हणाल्या, नीट, तिच्यासारखंच. "चल रे वॉफल." आणि पुढे चालायला लागल्या.

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक मुलाला आधी नाव विचारायचं, मग त्या नावाने हाक मारायची, मग पाठ वळवून वर. थोड्या वेळाने हॉर्न बंद झाला. इला येऊन लाइनपाशी उभी राहिली, एकेकाचा दोर हातात घेत, आणि आई खाली आली की पुढचा देत.

आता तू सांग. खरं सांग हं, इथे एसीत बसून शूर व्हायचं नाही. तो दोर तुझ्यापुढे धरला असता, तर तू काय केलं असतंस?