उताणं ठेवल्यावर

सोमवारी सकाळी सव्वादहाला सहा मेलेले उंदीर संस्थेच्या प्राणिगृहात आले आणि त्यांनी हजेरीच्या वहीत सह्या केल्या. ते आता माणसाएवढे झाले होते. कुमुदताई पेडणेकरांनी त्यांना लगेच ओळखलं, कारण अंगावरच्या पिवळ्या खुणा दोन वर्षांपूर्वी त्यांनीच ब्रशाने केल्या होत्या. एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर, चौथ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर, पाचव्याच्या पाठीवर आणि शेपटीवर. सहावा कोरा. पिंजऱ्यातल्या सहाव्याला खूण करत नाहीत, खूण नाही यावरूनच तो ओळखायचा असतो.

"उशीर केलात," कुमुदताई म्हणाल्या.

"लांबून आलो," कोरा म्हणाला.

त्यांनी सहा स्टुलं पुसून दिली. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवावा असं त्यांना वाटलं नाही.

कुमुदताईंचं काम म्हटलं तर सोपं. झोपेचं औषध टोचलेला उंदीर पेंगला की त्याला अलगद उताणा ठेवायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. जागा उंदीर उताणा राहतच नाही, अंग वळवून पायांवर येतो. पुन्हा पुन्हा उताणा ठेवूनही एका मिनिटात तीनदा वळला की तो जागा झाला असं लिहायचं. एकोणीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून हेच केलं. 'शांतला' नावाच्या नव्या गोळीचं औषध आलं तेव्हा उंदीर झोपायचे आणि वेळेवर उठायचे. मग त्याच्या जोडीला खोकल्याचं अफूवालं औषध द्यायचं ठरलं, लोक नशेसाठी बाटलीच्या बाटली पितात ते. त्या दिवशी सहा उंदीर उताणे ठेवले आणि सहांपैकी एकही वळला नाही. त्यांचे श्वास मंद होत गेले आणि थांबले.

प्रमुख डॉक्टर टिपणीस यांनी वहीत 'पिंजऱ्यात भांडून मेले' असं लिहायला सांगितलं आणि खाली कुमुदताईंची सही घेतली. अहवालातून सहा जण गेले ते गेलेच. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर इशाऱ्याचं अक्षर आलं नाही. पुढच्या वर्षी कुमुदताईंचा धाकटा भाऊ उमाकांत, ज्याला त्या खोकल्याच्या औषधाची चटक होती, त्याला झोप येईना म्हणून कुणी डॉक्टरांनी शांतला लिहून दिली. सकाळी तो अंथरुणात उताणा होता. टिपणीससाहेब तेराव्याला आले, जिलबी जेवले आणि धीर धरा म्हणून गेले. ती जिलबी कुमुदताई विसरल्या नव्हत्या.

अकराला साहेब आले. ही कुणाची माणसं, असं त्यांनी विचारलं. आपलीच, असं कुमुदताईंनी सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून घेतली.

"आम्ही कशाने मेलो?" डोक्यावर खूण असलेल्याने विचारलं.

"भांडणात," साहेब म्हणाले.

समोरची भिंत एक फरशी पुढे आली. कपाट भिंतीसोबतच सरकलं, त्यातली बरणीसुद्धा हलली नाही. साहेबांनी पाय जवळ घेतले.

मग एकेकाने तेच विचारलं आणि साहेबांनी तेच सांगितलं. दर उत्तराला एक फरशी गेली. वहीत नोंद आहे, एक फरशी. वर पाठवलेला अहवाल मंजूर झालाय, आणखी एक. फरशांच्या सांध्यांतून लाकडाचा भुसा वर आला आणि घोट्यापर्यंत साचला. छताच्या जागी जाळी दिसू लागली. कुमुदताई फरशा मोजत होत्या आणि आणखी जाव्यात असं त्यांना मनापासून वाटत होतं. खरं सांगितलं की भिंत थांबेल हे त्यांच्या लक्षात आलं होतं. साहेबांना ते सुचवायची त्यांना बिलकूल इच्छा नव्हती.

खोली पलंगाएवढी उरली तेव्हा उंदरांनी साहेबांना धरलं. दोन्ही औषधांच्या सिरिंजा कुमुदताईंनी भरल्या. त्यांचा हात हलका होता, साहेब नेहमी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करायचे. दोन्ही सुया त्यांनी हलक्याच हाताने टोचल्या. पेंगता पेंगता साहेब म्हणाले, "दोन औषधं एकत्र दिली म्हणून मेले. सहाही. मला माहीत होतं, पेडणेकर."

"हे उमाकांतला सांगा," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी साहेबांना उताणं ठेवलं. साहेबांचे पाय थोडा वेळ हवेत राहिले, मग भुशावर टेकले. पाठीवर खूण असलेल्याने स्टॉपवॉच दाबलं.

भिंत थांबली होती. पण मागेही जात नव्हती. कोऱ्याने कपाटातून जुनी वही काढली, बरोबर ते पान उघडलं आणि कुमुदताईंसमोर धरलं.

"सही कुणाची?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून केली," कुमुदताई म्हणाल्या. एक फरशी गेली आणि त्यांचे गुडघे छातीला लागले. नोकरीचा प्रश्न होता, असं त्या म्हणाल्या. आणखी अर्धी गेली, कारण ते अर्धं खरं होतं. मग त्यांना उमाकांतची उशी आठवली, तिच्याखालचा तो गोळीचा कागद आठवला. त्याने गोळी घ्यायच्या आधी तो त्यांनाच वाचायला दिला होता. त्यांनी तो वाचला होता आणि काही म्हटलं नव्हतं.

"माझी," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं."

कोऱ्याने मान डोलावली आणि पिवळ्या पाण्यात ब्रश बुडवला. पाठ आधी पुसून घ्या, नाहीतर रंग धरत नाही, असं कुमुदताईंनी त्याला सवयीने सांगितलं. त्याने पुसली. ओला ब्रश मणक्यावरून खाली गेला. दोन सुया टोचल्या गेल्या, त्यांच्याइतक्या हलक्या हाताने नव्हे. मग दोन थंड पंजांनी त्यांना साहेबांशेजारी उताणं ठेवलं. वर जाळी होती आणि जाळीवर सहा नाकं हलत होती.

"साहेबांचं किती झालं?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"सतरा मिनिटं. वळले नाहीत."

"तसंच लिहा," कुमुदताई म्हणाल्या.

ते लिहिलं जाईपर्यंत त्या थांबल्या. मग कोऱ्याचा अंगठा दुसऱ्या स्टॉपवॉचवर आला, बटण खाली गेलं, आणि कुमुदताईंनी अंगातला सगळा जोर डाव्या खांद्यात गोळा केला.