भट्टीमागचा दगड

जानेवारीत माझ्या बेकरीमागच्या गल्लीत चाळीसेक पुरुष टोप्या काढून उभे असायचे. एकेक जण आत जाई, दगडावर दहा मिनिटं बसे आणि डोळे पुसत बाहेर येई. दगड आपोआप गरम राहतो, अशी त्याची ख्याती होती.

तो मांडला होता वुकाशिन वैदूनं, आम्हीच त्याला भाड्यानं दिलेल्या खोलीत, भिंतीला चिकटवून. गार दगडावर बसलं की प्रोस्टेट सुजतं, हे आम्हा सर्बियन मुलांना आई पाळण्यातच शिकवते. वुकाशिन सांगे, गार दगडानं दिलेला रोग तापला दगड परत घेतो.

माझा मेव्हणा मिलोये बस चालवतो. सहा महिने त्याचं ओटीपोट दुखत होतं, लघवीला जळजळ होती. डॉक्टर नेवेनाबाईंकडे जायला तो लाजायचा. दगडानं गुण आला नाही तर बस सोडायची, असं त्यानं ठरवलं होतं.

मग आमच्या घराण्याच्या संताचा सण आला. तीन दिवस पाहुणे, भट्टी बंद. तिसऱ्या दिवशी मिलोये दगडावर बसला आणि ताडकन उठला, दगड गारठोण होता. वुकाशिन गरजला की रांगेत कुणीतरी पापी आहे. सगळ्यांनी मिलोयेकडे पाहिलं.

तो पांढराफटक होऊन माझ्या घरी आला. "दाजी, माझ्यामुळं दगड विझला. उद्या राजीनामा देतो."

पंगतीला नेवेनाबाई होत्या. त्यांनी मला विचारलं, "भट्टी कधी पेटवणार?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी भट्टी पेटवली. संध्याकाळी दगड गरम. बाईंनी तो भट्टीच्या भिंतीपासून हातभर ओढायला लावला, तर तासाभरात गार. वुकाशिन तोवर पसार झाला होता. महिनाभर माझ्या भट्टीच्या फुकट उबेवर चमत्कार दाखवत होता लबाड.

"उबेनं आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं, ते खरंच," बाई मिलोयेला म्हणाल्या. "पण ते टबातल्या कोमट पाण्यानंही होतं. आधी तपासणी कर. कधी जंतू असतात, पुष्कळदा सापडतही नाहीत. तासन्‌तास बसणं, लघवी तुंबवणं, काळजी, यांनी त्रास वाढतो. थोडं चालत जा. दारू आणि तिखट सोडून बघ. ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच दवाखाना."

मिलोयेचा त्रास पुरता गेलेला नाही, पण बस चालू आहे. शेवटच्या थांब्यावर तो उतरून बसभोवती पाच फेऱ्या मारतो. परवा एक आजीबाई हात जोडून विचारत होत्या, हे व्रत कोणत्या संताचं.

"डॉक्टरीणबाईंचं," मिलोये म्हणाला. "दुखलं तर लाजायचं नाही, तपासून घ्यायचं, एवढंच व्रत."