खंडेनवमीची चिंच

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चकती आहे. तळहाताएवढी. मधोमध पाचरीसारखं भोक आणि कडेनं कोरून काढलेले दोन उडते हंस. सोलापूरकडच्या मैंदर्गी गावात मला कुणी मागाचा सुटा भाग म्हणालं, कुणी स्टोव्हची जाळी. मी आहे जपानी तलवारीची परज. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसायचं आणि धरणाऱ्याचा हात पात्यावर घसरू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. कापाकापी पात्यानं केली. मी फक्त हात वाचवले.

ज्यानं मला घडवलं त्यानं लोखंड पुन्हा पुन्हा तापवून ठोकलं, बारीक कानशीनं हंस कापले, भोकाशेजारी तीन अक्षरांत स्वतःचं नाव कोरलं. मग त्यानं मला मुद्दाम गंजवलं. हसू नका! तो गंज म्हणजे माझं कातडं. काळसर, तेलकट, दुधावरच्या सायीसारखं घट्ट. पुढच्या दीडशे वर्षांत माझ्या धन्यांनी मला मऊ फडक्यानं पुसलं आणि ते कातडं जपलं.

दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशातल्या लढाईत माझी तलवार मोडली. पात्याचं काय झालं, मला कळलं नाही. मी चिखलात पडले होते. तिथून मैंदर्गीच्या कोंडीबा शिपायानं मला उचललं आणि घरी आणलं. पारावर बसून त्यानं लढाईची हकिगत सांगितली. लोकांनी ऐकली आणि टाळ्या देऊन हसले.

"कोंड्या, तू मुंबईच्या गोदीत पोती उचलत हुतास की! तितंच घेतली आसशील ही."

कोंडीबानं मला धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. पुन्हा पारावर तो विषय त्यानं काढला नाही. त्याचे पलटणीचे कागद वाळवीनं खाल्ले. अठ्ठावीस वर्षं मी अंधारात होते आणि तो उजेडात. दोघंही गप्प.

कोंडीबा गेला. पुढच्याच वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड चावडीपुढं बसवायचं गावानं ठरवलं. कोंडीबाची बायको गोजरबाई सरपंच महादेवप्पांकडे गेली.

"आमच्या मालकांचं नाव घाला."

"घालतो की, गोजरव्वा. कागद आण. कागद नसला तर दुसरा काय तरी पुरावा आण. उद्या सगळेच म्हणतील, आमचा बाप लढाईवर हुता."

पुरावा म्हणून गोजरबाईकडे एक मीच होते. मला पिशवीत घालून ती एस.टी.नं सोलापुरात आली आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नबीसाबांच्या दुकानाची पायरी चढली. नबीसाबांना जुन्या वस्तूंचा नाद होता. कुलुपं, अडकित्ते, निजामाची नाणी असं त्यांनी बरंच जमवलं होतं. जपानी वस्तू मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. गोजरबाई मला त्यांच्याकडे ठेवून गावी परतली. वाचनालयातून त्यांनी चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि पहिले दोन दिवस मला उलटी धरून हंसांना चिमण्या समजत बसले. माणूस नवखा, पण डोळा घड्याळजीचा. त्यांनी मला दोऱ्याला टांगून टिचकी मारली. मी घंटेसारखी वाजले. डोळ्याला भिंग लावून हंसांच्या पंखांच्या आतल्या कडा पाहिल्या. तिथं कानशीच्या रेघा होत्या, साच्याचा सांधा कुठंच नव्हता. शेवटी, गोजरबाई पुन्हा आली त्या दिवशी, त्यांना ती तीन पुसट अक्षरं दिसली. नबीसाब ओरडलेच.

"अक्का! ये वोतीव माल नहीं. हातानं घडवलेलं आहे. तुमचे मालक खरं बोलत होते. हे शस्त्र आहे, शस्त्र!"

गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला. "व्हय? मग तसं लिवून द्या की."

"माझं कोण ऐकणार, अक्का? मी घड्याळवाला. पुण्याचे एक जाणकार साहेब दसऱ्यानंतर सोलापुरात येणार आहेत. त्यांना दाखवू. तोवर सणाला घरी घेऊन जा."

मित्रांनो, इथंच घात झाला, आणि कुणाच्याही मनात वाईट नसताना झाला. माझ्या अंगाला काही लावू नका, एवढंच सांगायचं नबीसाब विसरले. पुस्तकातल्या त्या पानापर्यंत ते अजून पोचलेच नव्हते.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. विळा, कोयता, मागाचा धोटा, सगळं त्या दिवशी धुऊनपुसून झेंडूच्या फुलात बसतं. मी शस्त्र आहे हे गोजरबाईला आत्ताच कळलं होतं. मळकं शस्त्र पूजेला कसं मांडायचं? तिनं मला सकाळपासून चिंचेच्या कोळात भिजत घातलं. दुपारी विटेची पूड घेतली आणि काथ्यानं घासायला बसली. घासता घासता माझ्याशी बोलत होती.

"लई वर्सं अंधारात ठिवलं बाई तुला. आता बग कशी आरशावानी करते."

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. कातडं सोलून निघत होतं आणि सोलणारे हात मायेचे होते. संध्याकाळी मी चांदीसारखी चमकले. तिनं मला हळदकुंकू वाहिलं, कोंडीबाच्या फोटोपुढं ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दसऱ्यानंतर पुण्याचे साहेब दुकानात आले. मला पाहताच नबीसाबांचा चेहरा उतरला. "या अल्ला," एवढंच ते पुटपुटले. साहेबांनी मला उलटंसुलटं करून बराच वेळ पाहिलं.

"बाई, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण बंदरांवर खलाशांना विकायला असल्या नकला हातानंच बनवायचे. अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, ते वरचा जुना थर सांगतो. तो आता राहिला नाही, नावही वाचता येत नाही. मी खात्रीनं लिहून देऊ शकत नाही."

"म्हंजी मी घासलं म्हून?" गोजरबाईनं विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

ते गेल्यावर नबीसाब खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, चूक माझी आहे. मला लोखंड काळं करता येतं. असं करून देतो की दुसऱ्या जाणकाराला ओळखू यायचं नाही."

गोजरबाईनं मला उचलून पिशवीत टाकलं. "नको, भाऊ. माजा नवरा लई थापा मारायचा. चोरून भजी खायाचा आन् देवळात हुतो म्हनायचा. ही येक गोष्ट खरी बोलला. तिला खोटा रंग नको."

सव्वीस जानेवारीला दगड बसला. त्यावर अकरा नावं आहेत, कोंडीबाचं नाही. गोजरबाई गर्दीत मागं उभी होती आणि मी तिच्या मुठीत होते. तिनं मला इतकं घट्ट धरलं की हंसांच्या पंखांचे वळ तिच्या तळव्यावर उमटले. हात वाचवायचं माझं काम, तेही त्या दिवशी जमलं नाही.

आता हवेनं माझ्यावर तांबडा गंज चढतोय. नवं कातडं धरायला शंभर वर्षं लागतील, आणि गोजरबाई तर पुढच्या पावसाळ्याचंही खात्रीनं बोलत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला चिंच लावण्याआधी जाणत्याला विचारा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. घरातलं एखादं म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर हसू नका. जवळ बसा, विचारा, वहीत लिहून ठेवा. कोंडीबा पारावर स्वतःच्या तोंडानं सांगत होता, तेव्हा कुणी ऐकलं नाही. तो गेल्यावर सगळे माझ्याकडे वळले, आणि मला बोलता येत नाही.