राखेतली हिरवी रेघ

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीशी काठ्या-कुबड्यांचा ढीग, आणि मधोमध फुंकरबाबा गाल फुगवून चिमूटभर राखेवर फुंकर घालत होते. "सात डोंगरांची राख आहे ही! डॉक्टरची नजर पडली की गुण गेलाच म्हणून समजा!" डॉक्टरची नजर पडली तर नेमकं काय जाईल, हे बाबांना चांगलंच ठाऊक होतं.

चार वर्षं काठी न सोडलेली आई राख खाऊन तिसऱ्या दिवशी जिना चढली, तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या. धाकटी लेक मात्र हाताची घडी घालून उभी राहिली. दादाबरोबर औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईला फुंकरीने गुडघे सुटतात हे पटणार कसं?

"तुला मेलीला माझं सुख बघवत नाही," आई म्हणाली.

दीड महिन्यात आईचा चेहरा गरगरीत झाला. शेजारणी म्हणाल्या, काय तेज आलंय! आई खुशीत आरशात बघे आणि तांब्यावर तांबे पाणी पिई. धाकटीने तिचं बोट टोचून साखर पाहिली. चारशे दहा! दंडावर जांभळे डागही होते. कसलं तेज, सूज होती ती. अशी सूज कशाने येते, हे तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी तिने गोदामामागचा कचऱ्याचा डबा उपसला. आत स्टिरॉइडच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा ठासून भरलेल्या. तिने एक हातात घेतली. कोपऱ्यात हिरवी रेघ होती. मुदत संपत आलेल्या स्ट्रिपवर हिरवी रेघ ओढायची, म्हणजे ती आधी विकली जाते, ही खोड तिची एकटीची. दादा त्यावरून तिला चिडवायचा.

तोच दादा! गेल्याच महिन्यात औषधविक्रेत्यांची सभा झाली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं चिठ्ठीशिवाय विकू द्यावीत का, हा विषय. धाकटी म्हणाली होती, "साधी काही द्यायला हरकत नाही. पण विचारून, समजावून." त्यावर दादा कडाडला होता, "एकही गोळी नाही! लोकांचा जीव असतो आपल्या हातात!" सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांची तिला लाज वाटली.

तिने स्ट्रिप काउंटरवर ठेवली. दादा काच पुसतच राहिला.

"दुखण्याने रडणारी माणसं हसायला लागली, एवढंच पाहिलं मी," तो म्हणाला. "आई तिथे जाते हे कळलं, तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणजे दुसऱ्यांच्या आया चालत होत्या तुला!"

बाबांच्या पुढच्या बैठकीला धाकटी खल घेऊनच गेली. सगळ्यांसमोर तिने गोळ्या कुटल्या, चुलीतली राख मिसळली, गाल फुगवून फुंकर घातली. "घ्या, झाली सात डोंगरांची राख!" तिने रिकाम्या स्ट्रिपा ओतल्या, तेव्हा बाबांनी फुंकर अर्धवट सोडून मागचं दार गाठलं.

"पण याला गोळ्या दिल्या कुणी?" पुढे बसलेल्या आईने विचारलं.

धाकटीला गप्प बसता आलं असतं. दादा दाराशीच उभा होता.

"आपल्या दुकानाने, आई. दादाने."

मग धाकटी गर्दीकडे वळली. "राख एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतेल. पुडी घेऊन आजच डॉक्टरकडे जा, कशी कमी करायची ते सांगतील. आणि यापुढे कुणीही काही दिलं, बाबाने, डॉक्टरने, अगदी मी दिलं, तरी आधी विचारा, यात काय आहे? जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका."

आईला तहान लागली होती. दादा धावत पाण्याचा पेला घेऊन आला.

आईने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"यात काय आहे रे?"