फिकट केलेलं लाल बटण

मित्रांनो, तुम्ही मला हातात धरू शकणार नाही. मी संगणकाच्या पडद्यावर राहतो. भिवंडीजवळच्या मानकोलीच्या एका गोदामात खोकी वाहून नेणारा लांबलचक बेल्ट आहे आणि तो चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं मी एक जुनं बटण आहे. माझ्यावर ‘थांबवा’ असं लिहिलं आहे. मला दाबलं की बेल्ट थांबतो. काम एवढंच, पण त्याला लहान म्हणू नका.

मला उन्नतीने बनवलं. ती भिवंडीतच वाढलेली, लोकांना प्रोग्रॅम लिहून देणारी मुलगी. जन्मलो तेव्हा मी इतर बटणांसारखाच होतो, चौकोनी आणि काळ्या अक्षरांचा. कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. मग उन्नती गोदाम बघायला आली. तिने पाहिलं, की संगणकावर बसणाऱ्या अनंताचं अर्धं लक्ष बेल्टकडे असतं. बेल्टच्या टोकाला रोलर फिरतो आणि तिथेच ठकुबाई उभी राहून अडकलेली खोकी सोडवते. ठकुबाई अंबाडीकडच्या गावातून कामाला यायची. तिचा हात आणि तो रोलर यांच्यात जेमतेम वीतभर जागा होती.

उन्नतीने ती जागा नीट पाहून घेतली. परत जाऊन तिने मला नटवलं. मला मोठं केलं, लालभडक रंग दिला, कोपरे गोल केले, अक्षरं पांढरी आणि ठसठशीत केली. माऊसचा बाण माझ्यावर आला की मी उजळायचो आणि दाबलं की आत दबल्यासारखा दिसायचो. खरं सांगतो, मला माझ्या रूपाचा गर्व झाला. शेजारचं ‘छापा’ बटण माझ्यापुढे अगदीच बापुडवाणं दिसायचं.

तिने अनंताला एक नियमही शिकवला. “अनंतादादा, जे बटण राखाडी आणि फिकट दिसेल ते बंद असतं. त्याच्यावर वेळ घालवायचा नाही.” हा नियम सगळ्याच प्रोग्रॅममध्ये असतो. तुम्हीही फिकट बटणाच्या वाटेला जात नसाल.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. खोकं तिरकं झालं, की ठकुबाई ओरडायची, “थांबव रं अनंता!” अनंता न बघताच बाण माझ्यावर आणायचा. बेल्ट थांबायचा, ती खोकं सरळ करायची आणि म्हणायची, “हा लाल हाय म्हनून माजा हात हाय.” एवढं कौतुक मला पुरेसं होतं.

पण गोदामाचा मॅनेजर मितेश याला माझा लाल रंग खुपायला लागला. दिवाळीचा माल तुंबला होता आणि बेल्ट सारखा थांबत होता. त्याने उन्नतीला बोलावलं.

“हे बटन दिसतं म्हणून दाबतात. काढून टाक.”

“नाही काढणार, सर. तिथे माणसं काम करतात.”

“बरं, काढू नको. राखाडी कर. चालू राहू दे, फक्त बंदसारखं दिसलं पाहिजे.”

“मग अडचणीला कोण दाबेल?”

“तसं झालं तर मी हाय ना इथे.”

उन्नतीने बराच वाद घातला. शेवटी तिच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला आणि तिने माझा रंग काढला. अक्षरं फिकट केली, उजळणंही काढून घेतलं. मला तिचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी अनंताने विचारलं, “सायेब, ह्ये बटन चालत न्हाय का?”

मितेश म्हणाला, “बंदच समज.”

त्या दिवसापासून मला कुणी हात लावला नाही. बेल्ट थांबेना, माल भराभर जायला लागला. मितेश खूश होता. आतून मी पूर्वीइतकाच ठणठणीत होतो, पण ते सांगायला मला तोंड कुठे होतं?

एका दुपारी ठकुबाईचा हातमोजा बेल्ट आणि रोलरच्या मध्ये अडकला. “थांबव रं, हात गेला माजा!” ती किंचाळली. मितेश जेवायला गेला होता. अनंताने सवयीने बाण माझ्यावर आणला. मी उजळलो नाही. त्याने माझा राखाडी रंग पाहिला आणि माऊस सोडून दिला. बेल्टची वीज तोडणारा मोठा खटका गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होता. खोक्यांच्या थप्प्यांमधून तो तिकडे धावला. मी तयार होतो. एकदा दाबलं असतं तर पुरलं असतं.

ठकुबाईचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

चार दिवसांनी उन्नती आली. तिने बेल्ट चालू केला आणि मला दाबलं. बेल्ट जागच्या जागी थांबला. मागे अनंता उभा होता.

“चालत व्हतं ह्ये?” त्याने विचारलं.

उन्नती रडत होती. अनंता खाली बसला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

आता मी पुन्हा लाल झालो आहे. मला त्याचं काही वाटत नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यातलंही कुणी माझ्यासारखी बटणं बनवेल. रंग द्या, सावली द्या, कोपरे हवे तसे वळवा, आम्हाला नटायला आवडतं. पण जे चालतं, ते चालतं असंच दिसू द्या. माझ्या फिकट रंगावर विश्वास ठेवून अनंता धावला, आणि आता तो स्वतःलाच दोष देतो.