दोन थापा

गुरुशांतअण्णांनी गाडीचं मागचं दार आपटायला हात उचलला, पण दार त्यांच्याआधीच अलगद सरकलं आणि आवाज न करता मिटलं. हात हवेतच राहिला. जन्मभर ट्रकची दारं आपटत आलेल्या माणसाला हे काही पटलं नाही.

“आपटायचं नाही काका, नुसतं टेकवायचं,” अनिमेष म्हणाला. “बाकीचं गाडी बघते.”

गाडी अनिमेषच्या वडिलांची. वडील गेले, अनिमेषचा संसार पुण्यात, आणि ही लांबलचक काळी गाडी होटगी रोडवरच्या बंगल्यात कापडाखाली उभी होती, म्हणून त्यानं ती विकायला काढली होती. मागे बसणाऱ्यासाठीच ती बनवलेली. पाय पसरायला ऐसपैस जागा, खिडक्यांना पडदे, दारात खोचलेली छत्री. पुढे बसणाऱ्याची तिथे फारशी विचारपूस नव्हती. अनिमेष तिला सेकंडहँड म्हणू देत नव्हता. ‘प्री-ओन्ड’ म्हणा, म्हणायचा. नाव बदललं म्हणून पळालेले किलोमीटर कमी होत नाहीत, असं अण्णांचं मत होतं, पण ते त्यांनी पोटातच ठेवलं.

“लई देखणी हाय,” मकदूम म्हणाला. तो गाडीपासून जरा लांब, हात पाठीमागे बांधून उभा होता. “पण अण्णा, मागं बसणार कोण?”

“मी. दुसरं कोण बे?”

‘पुढं बसतो तो ड्रायव्हर, मागं असतो तो माल,’ हे अण्णांनीच मकदूमला शिकवलं होतं, तो क्लीनर म्हणून त्यांच्या ट्रकवर चढला तेव्हा. ट्रक चादरींचा, रस्ता हैदराबादचा. अण्णा चालवायचे आणि मकदूम डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत पत्र्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे जाऊ द्या. तेव्हा तो अण्णांना ‘उस्ताद’ म्हणायचा, क्लीनरनं ड्रायव्हरला तसंच म्हणायचं असतं. पुढे एका ट्रकचे अनेक झाले, मकदूम स्वतः ड्रायव्हर झाला, मग गॅरेज सांभाळू लागला, आणि उस्तादाचे अण्णा झाले. पण अण्णा ज्या गाडीत असतील तिचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात कधी गेलं नाही. स्वतःच्या वरातीची जीपसुद्धा त्यांनी बाशिंग वर सारून स्वतःच हाकली होती.

आता ते सुटणार होतं. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, पण डावीकडची कड कुणी पडदा ओढावा तशी गेली होती, आणि गेलेलं परत यायचं नव्हतं. गाडी चालवणं बंद करा, डॉक्टर म्हणाले. अण्णांनी मान हलवली आणि घरी येऊन बायकोला, गंगम्माला, चष्म्याचा नंबर बदललाय अशी थाप मारली. दुसरी थाप म्हणजे ही गाडी. असली गाडी घेतली की मालक मागेच बसणार. अण्णांनी चालवणं का सोडलं, असं कोण विचारतंय? उलट दारात हत्ती झुलतोय म्हणून लोक बघायला येतील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. अण्णांना न दिसण्याची जेवढी भीती होती, त्याहून जास्त भीती होती लोकांनी कीव करण्याची.

सौदा ठरलाच होता. मागे बसून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण अनिमेषनं किल्ली तळहातावर ठेवली मात्र, अण्णांचं सगळं शहाणपण तिथेच संपलं.

“एक चक्कर मी मारतो,” ते म्हणाले. “विमानतळाच्या भिंतीपर्यंत.”

“मी बसतो की शेजारी,” मकदूम चटकन पुढे आला.

“नको, काकांना स्क्रीन समजावायचाय मला,” म्हणत अनिमेषनं डावीकडचं पुढचं दार उघडलं. मकदूमला मागे बसावं लागलं. आपल्या कपड्यांचा डाग लागेल, अशा बेतानं तो सीटच्या कडेला टेकला.

गाडी निघाली. रस्त्यावरचे खड्डे कुणी बुजवून ठेवलेत की काय, असं वाटत होतं. अण्णांना सुख झालं, आणि हे शेवटचं म्हणून आतून तुटलंही. तोवर मागून मकदूमची बडबड सुरू झाली.

“पेरूवाल्यानं गाडा लावलाय बघा डावीकडं. रस्त्यातच की.”

जरा पुढे गेल्यावर, “ही बाई बी डाव्या अंगानंच चाललीय. एवढ्या उन्हाचं.”

“मामा, जरा शांत बसा,” अनिमेष म्हणाला. “काकांना इंजिन ऐकू द्या.”

“ऐकायला आवाज कुटं हाय त्याला?” मकदूम पुटपुटला, पण गप्प बसला.

अण्णा मनातल्या मनात हसले. अलीकडे मकदूम फार बोलका झाला होता. मोहोळला जा, वैरागला जा, काही काम नसताना शेजारी येऊन बसायचा, आणि म्हैस हाय, ट्रॉली हाय, दगूड पडलाय, असं रस्ताभर ऐकवत राहायचा. म्हातारपणी तोंड सैल सुटतं, असं अण्णा धरून चालले होते.

विमानतळाची भिंत आली. परत फिरायला अण्णांनी डावीकडच्या कॉलनीच्या रस्त्यात स्टिअरिंग वळवलं. अनिमेष खाली मान घालून, सीट पाठ कशी रगडते ते स्क्रीनवर शोधत होता. अण्णांना रस्ता मोकळा दिसला.

मागची काच खाली गेली आणि बाहेरून पत्र्यावर थाप पडली. एकच.

अण्णांचा पाय मनाच्या आधी ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि त्यांना जिथे काहीच दिसलं नव्हतं तिथून, बॉनेटला घासून जावी तशी एक सायकल निघाली. कॅरिअरवर चादरींचा गठ्ठा, हँडलला जेवणाचा डबा. सायकलवाल्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. तो आपल्या तंद्रीत पुढे गेला.

“ब्रेक जबरदस्त आहेत ना काका?” अनिमेष वर बघत म्हणाला. मग मागे वळून, “आणि मामा, प्लीज, पेंटवर हात नका मारू.”

“चुकलं साहेब,” मकदूम म्हणाला. “जुनी सवय हाय.”

अण्णांनी गाडी कडेला घेतली. त्यांनी आरशात पाहिलं, तर मकदूम खिडकीबाहेर बघत बसला होता. म्हैस, ट्रॉली, दगड, पेरूचा गाडा. सगळं डावीकडचं. उजवीकडचं त्यानं एकदाही काही सांगितलं नव्हतं. आणि ही बडबड दिवाळीच्या आधीपासूनची होती. डॉक्टरांच्याही आधीची.

अण्णांना लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग, कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

“झाली चक्कर,” ते म्हणाले. “मकदूम, पुढं ये.”

दोघं उतरले आणि दाराशी समोरासमोर आले. अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“ऊन लई हाय अण्णा,” मकदूम म्हणाला. “आत बसा.” आणि त्यानं मागचं दार उघडून धरलं.

अण्णा डाव्या बाजूला सरकून बसले. जागा एवढी होती की पायांचं काय करावं ते कळेना. पुढे मकदूमनं सीट सरकवली, आरसा बसवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तसाच थांबून राहिला.

“निघायचं ना?” अनिमेषनं विचारलं.

मकदूम हलला नाही.

अण्णांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर तळव्यानं दोन थापा मारल्या. अनिमेषनं कपाळाला हात लावला.

“माल भरलाय,” अण्णा म्हणाले. “जाऊ द्या, उस्ताद.”